दोन्ही तोंडांना कड्या

"मग विटेलाच धडक दे ना बाबा, दगड कशाला शोधत बसतोस? दगडापेक्षा वीट मऊ, हे काय मी नव्यानं सांगायला पाहिजे?"

"मावशी, सहा वर्षं विटाच फोडतोय. त्याही कच्च्या."

"फुटल्या ना? मग झालं तर. पट्टा कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"तुझ्याकडे नाही, तुझ्या आईच्या कपाटात आहे, चादरींच्या खाली. पण नाव तर तुझंच ना? आणखी काय पाहिजे?"

भाचा गाद्यांच्या थप्पीवर पाय लोंबकळत बसला होता. सकाळभर पाण्याचे जार जिने चढवून त्याचा शर्ट खांद्यावर ओला झाला होता. मुष्टियुद्धातला चॅम्पियन झाला तरी जार चढवायचे कोणी सोडत नाही. उलट लोक मोठ्या हौसेनं चौथ्या मजल्यावरून मागवतात.

"काल एका ऑफिसात जार बसवला," तो म्हणाला. "तिथला माणूस म्हणाला, तू तो चॅम्पियन ना? म्हटलं, हो. म्हणाला, कोणाकोणाला हरवलंस? मी नावं सांगायला लागलो. तो एकेका नावावर म्हणतो, 'कोण?' शेवटी मी रिकामा जार उचलला आणि खाली आलो."

मावशीनं सुई ओठांत धरली. सुई ओठांत गेली की मावशीकडून उत्तर येत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सुई गाद्या शिवायची, वीतभर लांबीची, त्यामुळे हट्टही कोणी करत नसे.

मावशीचा धंदा गाद्यांचा. समोर भाच्याच्या वस्तादानं बॉक्सिंगची तालीम काढली, तेव्हा तिथली ठोसे मारायची बॅग फाटली. वस्ताद ती खांद्यावर टाकून रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "हे जमेल का?" मावशीनं बॅग उसवली, आत बघितलं, आणि म्हणाली, "गादीच आहे की. फक्त उभी झोपलीये." त्या दिवसापासून आसपासच्या सगळ्या तालमींच्या बॅगा तिच्याकडे येऊ लागल्या. चिंध्या, कापूस, फोमचे तुकडे, थरावर थर, प्रत्येक थर मुसळानं ठेचून.

गादी उसवली की त्या घरात कोण कुठल्या कुशीवर झोपतं, आणि नवरा-बायकोत सध्या किती अंतर आहे, हे मावशीला कळायचं. ती बोलत नसे. गिऱ्हाईक तुटतं. बॅगेचंही तसंच. कुठं खड्डा पडलाय, कुठं चिंध्यांचा दगड झालाय, हे हातानं चाचपलं की मारणाऱ्याची कुंडली हाती लागायची. ही विद्या वस्तादाला कळली आणि मावशी भाच्याचे प्रतिस्पर्धी निवडू लागली. वर्षातून एकदा पट्टा पणाला लावायचा, पण कोणासमोर लावायचा ते चॅम्पियननं ठरवायचं, असा संघटनेचा नियम होता. चॅम्पियनच्या वतीनं ते वस्ताद ठरवायचा, आणि वस्तादाच्या वतीनं मावशी.

तिची निवड कधी चुकली नाही. एक होता बेकरीतला. रात्रभर कणकेशी झुंजून आलेला तो गडी दोन फेऱ्यांच्या मधे स्टुलावर घोरू लागला, त्याला हलवून उठवावं लागलं. एकानं त्याच दिवशी नवे बूट घातले होते. एक तर प्रत्येक ठोसा मारला की "लागलं का?" असं विचारायचा. भाच्यानं या सगळ्यांना रीतसर आडवं केलं आणि टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मावशी आणि थोरली नेहमी पुढं असायच्या.

थोरली म्हणजे भाच्याची आई, मावशीची मोठी बहीण. पोराला खेळू देताना तिनं मावशीला एकच अट घातली होती. नाक जसं दिलंय तसं परत आलं पाहिजे. नाक आजोबांचं होतं, आणि घरात आजोबांचं तेवढंच उरलं होतं.

या खेपेला आव्हान देणारे तिघं होते. भाच्याला त्यातला डावरा हवा होता. डावऱ्याचं नाव घेतलं की लोक "कोण?" म्हणत नसत, "बाप रे" म्हणत. गाद्यांच्या थप्पीवरचं ते भांडण त्याच्यावरूनच चाललं होतं. शेवटी मावशीनं सुई काढली आणि म्हणाली, "बॅगा ठरवतील. बॅग खोटं बोलत नाही. बॅगेनं हो म्हटलं तर डावरा तर डावरा."

तिघांच्या तालमींना निरोप गेला, की मावशी यंदा बॅग फुकट शिवून देतेय. फुकट म्हटल्यावर तिन्ही बॅगा दुसऱ्या दिवशी दारात.

डावऱ्याची बॅग तिनं एका हातानं चाचपली आणि बाजूला सरकवली. "ही बॅग नाही, प्रेत आहे," ती म्हणाली. दुसरी एका पहिलवानी गड्याची, तिला सगळीकडून सारखाच मार. तिसरी पुलापलीकडच्या कुठल्याशा शेडमधली. तिथं एकटाच माणूस सराव करायचा, लिफ्ट दुरुस्त करणारा, त्याला कोणी ओळखत नव्हतं. मावशीनं बॅग आडवी घातली. टांगायची साखळी लावलेल्या बाजूचं कातडं कोरं करकरीत होतं. झीज सगळी खालच्या टोकाला.

"हा बघा," मावशी वस्तादाला म्हणाली. "ह्याचा हात खांद्याच्या वर जातच नाही. पोटाशी खाजवत बसतो. नाकाला अजिबात धोका नाही."

"मग हाच," वस्ताद म्हणाला, आणि त्यानं संघटनेच्या सेक्रेटरीला फोन लावला.

भाचा थप्पीवरून उतरला, जार उचलला. दारात वळून एवढंच म्हणाला, "म्हणजे पुन्हा 'कोण?'"

दोन दिवसांनी लिफ्टवाला स्वतः बॅग न्यायला आला. सडपातळ माणूस, बोलणं मऊ, आत येताना चपला बाहेर काढून व्यवस्थित जोडून ठेवल्या. मावशीला मनातून बरं वाटलं. बिचारा. मग त्या बिचाऱ्यानं भरलेली बॅग एका हेलकाव्यात खांद्यावर घेतली. ती बॅग एरवी दोघं मिळून उचलत.

"मावशी, तुमच्या त्या युक्तीनं फार उपकार केले बघा," तो बॅगेखालूनच म्हणाला.

"कुठल्या युक्तीनं?"

"दोन्ही तोंडांना कड्या. तुम्हीच नाही का सांगितलं होतं, माल खाली बसतो, म्हणून अधूनमधून बॅग उलटी टांगा. मी न चुकता उलटतो. ही तर तुमच्याकडे पाठवायच्या आदल्या दिवशीच पहिल्यांदा उलटली. वरचं टोक पार दगड झालं होतं, ते खाली घेतलं."

मावशीनं सुईसाठी हात उचलला. सुई नेमकी गादीत अडकली होती.

दोन्ही तोंडांना कड्या लावायची टूम तिचीच. बॅग शिवून देताना ती प्रत्येकाला सांगायची, उलटी करत जा रे. सगळे हो हो म्हणायचे आणि कोणी उलटी करत नसे, कारण भरलेली बॅग उलटी करायची म्हणजे कंबर मोडायचं काम. इतकी वर्षं कोणी ऐकलं नाही, त्यामुळे कोणी ऐकत असेल हे मावशीच्या डोक्यातूनच गेलं होतं. जगात एक माणूस तिचं ऐकत होता, आणि तो हा.

म्हणजे पोटाची झीज पोटाची नव्हती. ती डोक्याची होती. त्यातही नाकाच्या उंचीला.

दुपारी भाचा आला, तेव्हा तिनं आडवळण घेतलं नाही. "मी बॅग उलटी वाचली," ती म्हणाली. "तो डावऱ्यापेक्षा वाईट आहे. डावऱ्याची नुसती फाटते, ह्याची दगड होते. तू मनगट दुखतंय म्हण. सेक्रेटरीला मी सांगते."

भाचा बिस्किट खात होता. चावायचा थांबला. मावशीला वाटलं, घाबरला. पण तो हसत होता. सहा वर्षांत पट्टा घेताना तो असा हसला नव्हता.

"मनगट ठणठणीत आहे," तो म्हणाला. "आईला सांगू नकोस. आणि माझी बॅग नीट भरून दे."

"नीट म्हणजे?"

"मावशी, वस्तादाची बॅग मारली की माझा हात दुखतो. माझी मारली की झोप येते. मला काय कळत नाही होय?"

आता इथं सांगायला हरकत नाही, की भाच्याच्या बॅगेत मावशी दर वर्षी चिंध्या काढून थोडा फोम वाढवायची. बॅग हलकी व्हायची, ठोसा बसला की जोरात झुलायची, आणि वस्ताद म्हणायचा, पोराचा ठोसा वाढतोय. मावशी मान डोलवायची. पोराची बोटं शाबूत राहायची. कोणाचंच नुकसान नव्हतं.

त्या दिवशी तिनं ती बॅग उसवली आणि फोमचा शेवटचा तुकडा बाहेर काढला. ढीग बघून तिला स्वतःलाच नवल वाटलं. एका माणसाची ऐसपैस गादी झाली असती. मग तिनं जुन्या गोधड्या फाडल्या, थर घातले, मुसळ घेतलं. पहिल्या दिवशी त्या बॅगेवर सराव करून भाचा परत आला, तेव्हा चहाचा कप त्याला दोन्ही हातांनी धरावा लागला.

सामना सभागृहात होता. मावशी आणि थोरली तिसऱ्या रांगेत. थोरली कधीच बघत नसे, पदर डोळ्यांवर घेऊन बसायची. पहिली फेरी संपली.

"नाक?" थोरलीनं पदराआडून विचारलं.

"आहे."

दुसरी फेरी. लिफ्टवाल्याचा हात खांद्याच्या वर जात होता. चांगलाच जात होता. भाचा एकदा गुडघ्यावर गेला आणि उठला. लोक उभे राहिले. मावशीनं इतक्या लढती बघितल्या होत्या, पण खुर्च्या एकदम सरकल्याचा आवाज तिनं पहिल्यांदाच ऐकला.

"नाक?"

"आहे."

चौथीत भाच्यानं लिफ्टवाल्याला असा एक दिला, की तो दोरावर टेकून वर दिव्यांकडे बघत राहिला, एखाद्या अडकलेल्या लिफ्टकडे बघावं तसा. पाचवीत त्यानं परतफेड केली.

"नाक?"

मावशीनं मान तिरपी करून बघितलं. "आहे," ती म्हणाली. "थोडं सरकलंय."

थोरलीनं पदर खाली घेतला आणि शेवटची फेरी उघड्या डोळ्यांनी बघितली. मावशीकडे तिनं बघितलं नाही. पण भाच्याचा डावा हात लिफ्टवाल्याला लागला, तेव्हा सभागृहातली सगळ्यात मोठी शिवी तिच्याच तोंडून गेली.

भाचा गुणांवर हरला. थोडक्यात. थोडक्यात म्हणजे किती, यावर बाहेर पानाच्या टपरीशी दोन प्रेक्षकांनी एकमेकांची गचांडी धरली. त्याच्या सहा विजयांवर कधी कोणी साधी बाचाबाची केली नव्हती.

थोरलीनं कपाटातून पट्टा काढून दिला. "चादरी आता सपाट बसतील," ती म्हणाली. धाकटीशी ती आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी उशी भरायला घेऊन आली, आणि उशी तर तिची चांगलीच होती.

भाचा पट्टी लावलेल्या नाकानं त्याच ऑफिसात जार घेऊन गेला. तिथला माणूस म्हणाला, "हरलास म्हणे. कोणाशी?" भाच्यानं सांगितलं. माणूस म्हणाला, "अरे, मी होतो की तिथं!" आणि उठून स्वतःची खुर्ची दिली. भाचा बसला नाही, अजून सात जार होते. पण मावशीला हे त्यानं दोनदा सांगितलं.

थोडे दिवस गेले आणि एका सकाळी लिफ्टवाला दुकानात आला. चपला बाहेर, जोडून. हातात बॅग नव्हती.

"मावशी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आता पट्टा पणाला लावायचा तर मला विचारतायत, कोणाशी लढणार. तुम्ही बॅगा बघून सांगता म्हणे." त्यानं मागं वळून रस्त्याकडे बघितलं. "एखादा मऊसा असेल तर बघा ना. घरी लहान मुलं आहेत."

मावशीच्या मनात आलं, ह्याच माणसाचं एक टोक दगडाचं होतं.

तेवढ्यात भाचा जार घेऊन आत आला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भाच्यानं जार खाली ठेवला, नाकाची पट्टी नीट बसवली.

"काय, पुन्हा कधी?" त्यानं विचारलं.

लिफ्टवाल्यानं मावशीकडे बघितलं. भाच्यानंही बघितलं. दोघं उत्तराची वाट बघत उभे राहिले.

मावशीनं सुई ओठांत धरली, एका हातानं अर्धवट भरलेली बॅग जवळ ओढली, आणि खालच्या तोंडाला दुसरी कडी लावायला घेतली.