पेवाला हाक मारणारे शांतय्या

शांतय्या स्वामींनी मला वाचवलं. हे आधी लिहून ठेवते, कारण काय झालं ते सांगताना नेमकं हेच राहून जाईल अशी धास्ती वाटते. ते नसते तर नागपूरकडच्या या कापूस जिनिंगच्या चाळीत बसून चार ओळी लिहायला ही दुसरीपर्यंत शिकलेली बाई उरलीच नसती.

शांतय्या आमच्या गावचे अय्या, म्हणजे आम्हा लिंगायतांचे जंगम. गाव उमरग्यापासून दोन कोसांवर. तिथून पुढं कानडी मुलूख. अय्या उंच, पाठीत वाकलेले, एका पायानं जरा लंगडे. लहान पोरीपासून म्हातारीपर्यंत सगळ्या बायकांना ते अक्काच म्हणायचे. आणि त्यांची एक सवय नव्या माणसाला हसू आणायची. कुठंही पाऊल टाकण्याआधी ते विचारायचे. दुसऱ्याच्या घरात शिरताना कोणीही हाक मारतं. अय्या रिकाम्या जागेलाही मारायचे. कोणी नसलेल्या मठाच्या उंबऱ्याशी, विहिरीच्या पहिल्या पायरीवर काठी टेकवून थांबायचे आणि म्हणायचे, "येऊ का, अक्का?" मग जरा कान देऊन उभे राहायचे.

मी माकणीहून सून होऊन आले त्याच आठवड्यात त्यांना आमच्या रिकाम्या गोठ्याला असं विचारताना पाहिलं आणि तोंडात पदर कोंबून हसले. त्यांनी ते ऐकलं. म्हणाले, "हास अक्का, हास. गोठा न्हाय म्हटला असता तर म्या माघारी गेलो असतो. तुजी सासू न्हाय म्हणती तरी म्या येतो, ती गोष्ट येगळी." आतून सासूबाई म्हणाल्या, "मला ऐकू येतंय, अय्या." त्या घरात मी पहिल्यांदा मोकळी हसले ती तेव्हा. माझ्याबरोबर नागू हसली. नागू माझी नणंद, माझ्याहून वर्षानं मोठी.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. बंदूकवाल्यांच्या टोळ्या गावोगाव हिंडत होत्या. कर्ती माणसं हद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला गेली होती. माझे यजमानही तिकडंच. घरात आम्ही तिघी. एका सकाळी वेशीकडून ओरडा आला की घोडी दिसली. सासूबाईंनी आम्हा दोघींना अंगणातल्या पेवात उतरवलं, वर फरशी ओढली आणि फरशीवर शेणाच्या दोन पाट्या ओतल्या.

पेव म्हणजे धान्य साठवायची जमिनीतली खोली. तोंड एका माणसापुरतं, गळा अरुंद, खाली पोट मोठं. जुंधळा मुरतो तशी आतली हवा जड होते. म्हणून पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरीनं दिवा सोडायचा, आणि दिवा जळत राहिला तरच माणसानं उतरायचं. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सासूबाईंनी तर जन्मभर तसे दिवे सोडले होते. त्या सकाळी विसरल्या.

खाली काही वेळातच छाती भरून आली. नागूला आधी कळलं. गळ्याच्या भिंतीत पाय ठेवायला खोबणी असतात. ती म्हणाली, माझ्या खांद्यावर चढ, खोबणीत पाय दे आणि फरशीच्या फटीला नाक लाव. मी घाबरून नको म्हणाले. तेव्हा ती म्हणाली, "आधी तू, मग मी." जशी विहिरीवर घागर भरायची पाळी लावायची, तशी. मी चढले. तिची पाळी आली नाही. थोड्या वेळानं खालचा खांदा सरकला, तिचा हात माझ्या छातीशी आला, गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा ताणला गेला आणि तुटला. मी भिंतीला चिकटून राहिले. तिला हाका मारत होते. ती उत्तर देत नव्हती. खाली हात द्यायचा तर भिंत सोडावी लागली असती. मी ती सोडली नाही.

दुपारी घोडी गेल्यावर फरशी सरकली. मला ओढून बाहेर काढलं, मागून तिला. अय्यांनी आणि मागं राहिलेल्या तिघांनी मिळून दिवस मावळायच्या आत तिला माती दिली. आमच्यात देतात तशी, बसवून.

लिंगायताच्या अंगावरचं लिंग गेलं की परत मिळेपर्यंत त्यानं अन्न घ्यायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. जुन्या वळणाची माणसं तर म्हणत की त्यानं जगूच नये. मला कोणी उपाशी ठेवलं नाही. फक्त पाणी घे असं कोणी म्हटलं नाही. पेवात शोधायला कोणी उतरेना. दोन दिवस मी भिंतीला टेकून बसून राहिले. शेजारची म्हातारी सासूबाईंना सांगत होती की सुनेला माकणीला पोचवा, ती आता मेल्यातच जमा. सासूबाई माझ्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. लेक गेली आणि परकी उरली, असंच त्यांच्या मनात असणार, हे मी धरून चालले होते.

तिसऱ्या दिवशी अंगणात काठीचा आवाज आला. या वेळी अय्यांनी घराला विचारलं नाही. माझ्यापुढं येऊन बसले आणि मलाच म्हणाले, "येऊ का, अक्का?" मी मान हलवली.

"तुजं लिंग हरवलं न्हाय," ते म्हणाले. "नागूच्या मुठीत हुतं. मूठ सोडवणं माज्यानं झालं न्हाय. तिचं लिंग तिच्या तळहातावर ठिवलं, तुजं तिच्या मुठीत ऱ्हायलं. तशीच बसवली."

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हातारी म्हणाली की मग समाधी उकरायची का. अय्या म्हणाले, उकरायची न्हाय. हरवलेल्याला शास्त्र येगळं, दिलेल्याला येगळं. मी सगळा जोर काढून खरं ते सांगितलं. मी दिलं नव्हतं. तिनं ओढलं होतं. देणारी असते तर मी तिला हात दिला असता.

अय्यांनी काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "तर मग आता दे."

अखेर मी "दिलं" म्हणाले. तेव्हा त्यांनी कमरेचं फडकं सोडलं, माझ्या कपाळाला विभूती लावली, कानात मंत्र सांगितला आणि माझ्या डाव्या तळव्यावर एक नवं लिंग ठेवलं. मग स्वतःच्या हातानं पाणी पाजलं. रस्ते सगळे बंद असताना नवं लिंग कुठून आलं, हे विचारायचं भान मला नव्हतं.

राहिलं पेव. गावात उरलेल्या जाणत्यांचं म्हणणं, ते दगडांनी बुजवा. त्या अंगणातून कोणी जाईना. मला तर त्या बाजूनं दम लागल्यासारखा आवाज यायचा. अय्या म्हणाले, "दगडानं भरलं तर ती जागा दगडाची हुईल. जुंधळ्याची जागा हाय, जुंधळ्यालाच देऊ." त्यांनी ठरवलं की ते पेव आता आमचं नाही, कुठल्याच घराचं नाही, ते मठाच्या दासोहाचं. दासोह म्हणजे येईल त्याला जेवू घालणं, कोण कुठला हे न विचारता. पळालेली माणसं हळूहळू परतत होती, आणि घरोघर मडकी रिकामी होती; ज्यांचा जुंधळा वाचला होता त्यांनी पाटी-पाटी दिला.

आठ दिवस पेव उघडं ठेवलं. रोज दुपारी अय्या दिवा सोडायचे. पहिले तीन दिवस विझला. मग ज्योत धरू लागली, आणि आठव्या दिवशी तेल सरेपर्यंत जळली. तेव्हा अय्या तोंडाशी वाकून म्हणाले, "नागू अक्का, येऊ का?" कोणी हसलं नाही. आत उतरून झाडायचं, विभूती शिंपायची आणि पहिली पाटी रिती करायची, हे काम त्यांनी मला दिलं. मी म्हणाले, माझ्यानं होणार नाही. ते म्हणाले, "तुज्यानं न्हाय झालं तर पेवाचं कायमचं भ्या ऱ्हाईल. तुजंबी, गावाचंबी."

कमरेला दोर बांधला. तो धरायला दोन गडी पुढं झाले. अय्यांनी त्यांना मागं सारलं आणि सासूबाईंना हाक मारली. "गंगा अक्का, दोर तुमी धरा."

सासूबाई आपल्या हातांकडं बघत राहिल्या. "ह्याच हातानं फरशी वडली, अय्या," त्या म्हणाल्या. तेव्हा मला कळलं, इतके दिवस त्या माझ्याकडं का बघत नव्हत्या.

"म्हणूनच," अय्या म्हणाले.

त्यांनी दोर धरला. मी खोबणीत पाय टाकला तेव्हा त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या: "बोलत ऱ्हा गं. कायबी बोल, पर गप बसू नगंस."

काय बोलायचं सुचेना. शाळेतलं जे दोन वर्षांचं होतं तेच तोंडाला आलं. शाळा उर्दू होती, मराठी अक्षरं मी नंतर गिरवली. अलिफ, बे, पे, ते म्हणत मी पेव झाडलं. आवाज पोटात घुमून परत यायचा, जणू दुसरी कोणी मागून म्हणत होती. मी थांबले की दोराला हिसका बसायचा. पाट्या रित्या करून वर आले तर सासूबाईंचे तळवे सोलले होते. दोर सैल सोडायचा असतो; त्यांनी तो तसूतसूनं, ताणूनच सोडला होता.

त्या पावसाळ्यात पेवावर अर्धं गाव जेवलं.

नवं लिंग कुठून आलं ते मला पुढं समजलं. अय्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. आमच्यात आठव्या महिन्यात पोटातल्या जिवासाठी लिंग आणून ठेवतात. ते त्या बाळाचं होतं. मुलगी झाली आणि अकरा महिने बिनलिंगाची राहिली. जंगमाच्या घरात ही तऱ्हा म्हणून लोकांनी अय्यांना तोंडावर टोमणे मारले, दोन घरांनी पाया पडणं सोडलं. मी रडत गेले तर पाळण्याकडं बोट करून म्हणाले, "ही काय म्हणती बघ. हिला घाई न्हाय. घाई तुला हुती."

यजमानांना इकडं काम लागलं आणि आम्ही निघालो, तेव्हा अय्या वेशीपर्यंत लंगडत आले. नव्या घरात शिरताना विचारून शिर, एवढंच म्हणाले. चाळीच्या खोलीला मी विचारलं होतं. खोली चांगली आहे, पण मी दार लावून झोपू शकत नाही, शेजारणी हसतात. दार लागलं की "आधी तू, मग मी" ऐकू येतं. गेल्या वर्षी सासूबाईंनी कोणाकडून पत्र लिहवून घेतलं, अय्या लिंगैक्य झाले, म्हणजे वारले. पेव चालू आहे. अय्यांची नात शाळेत जाते.

ती नात मोठी होईल, तिचं लग्न होईल, तिला आठवा महिना लागेल. त्या दिवशी मी कुठंही असले तरी तिच्या दारात उभी राहीन, तिच्या बाळासाठी लिंग घेऊन. अय्या, तुमच्या पाळण्यातून उचलून आणलेलं मी परत पोचवीन.