अर्ध्या किलोच्या आत

दाजीबानपेठेतलं कापडाचं दुकान मालकाच्या मुलांनी बंद केलं आणि उभी हयात तिथं गिऱ्हाईक सांभाळलेले मधुकरराव घरी बसले. तेव्हा त्यांच्या बायकोनं, कौसल्येनं, शिलाई मशीन पुढच्या खोलीत ओढलं. तिच्या हातचं परकर-पोलकं नात्यात नावाजलेलं होतं. भाचीनं फोनवर विक्रीसाठी पान उघडून दिलं आणि हळूहळू पुण्या-मुंबईच्या आया आपल्या मुलींसाठी मागवू लागल्या.

कौसल्या शिवायची, मधुकरराव बांधायचे. इरकली परकराची चूण मोडू नये म्हणून ते मध्ये कागद घालत, पुठ्ठ्याच्या खोक्यात कपडा निजवत, वरून सुतळी. दुकान सुटल्यापासून मिटलेलं त्यांचं तोंड त्या कामात जरा उघडायचं.

पण असेच कपडे विकणाऱ्या इतर बायका ‘पोस्टेज फ्री’ लिहीत. हिलाही लिहावं लागलं. पार्सल अर्ध्या किलोच्या वर गेलं की पुढचा दर, आणि तो तिच्या शिलाईतूनच जायचा. पोस्टातला रवी काट्याकडे बघून कानडी मिसळत म्हणे, “अक्का, स्वल्प जास्ती अद. थोडक्यासाठी पुढचा दर लागतोय बघा.”

आधी खोकं गेलं. कौसल्येनं प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्या आणल्या.

“एवढा चांगला माल असा कोंबून पाठवायचा?” मधुकररावांनी विचारलं.

“माल तोच आहे की हो. खोक्याचं वजन कशाला भरायचं?”

बांधायचं काम संपलं, मधुकरराव पुन्हा रिकामे खिडकीशी बसू लागले.

मग अस्तर हलकं आलं. तरी मोठ्या मुलींचे परकर काट्यावर थोडे जास्तच भरत. उरली होती ती माया. परकराच्या नेफ्याखाली आणि पोलक्याच्या दोन्ही बगलांत ती दोन-तीन बोटं जादा कापड दुमडून ठेवी. मूल वाढलं की उसवून मोठं करता यावं म्हणून. एका दुपारी तिनं तेही कापून टाकलं. बाहेरून काही कळत नव्हतं.

“आता बसलं, अक्का,” रवी म्हणाला. येताना तिनं मिरची भजी आणली.

पुढचे काही महिने बरे गेले. मग पुण्याहून ज्योतीबाईंचा फोन आला. अगदी पहिल्या गिऱ्हाइकांतल्या त्या.

“कौसल्याताई, मागचा परकर मी दोनदा वाढवला. या वेळी उसवलं तर आत कापडच नाही. माझ्या गौरीला पोलकं चढेना.”

“पोस्टाचा खर्च फार येतो हो. वजन कमी करायला म्हणून...”

“मग सांगायचं होतं. दिला असता मी. तुमच्याकडनं घ्यायचो ते त्या मायेसाठीच की.” आवाजात राग नव्हता. राग असता तर कौसल्येला काही बोलता आलं असतं.

तिनं पुन्हा माया ठेवायला सुरुवात केली आणि ‘पोस्टेज वेगळे’ असं लिहिलं. चौकश्या यायच्या, पोस्टेजचा आकडा कळवला की थांबायच्या. ज्योतीबाईंना तिनं नव्या खणाचे फोटो पाठवले. त्यांनी ते पाहिल्याचं दिसलं. उत्तर आलं नाही. ज्यांच्याकडे मायेविना कपडे गेले होते त्यांच्यातलंही कुणी परत फिरकलं नाही. किती घरांत ते उसवून पाहिलं गेलं असेल, याचा विचार तिला भाजी चिरताना, मशीनवर बसताना, केव्हाही गाठायचा.

दिवाळीनंतर ती शहराबाहेर तारिहाळच्या एका कारखान्यात लागली. तिथं पिशव्यांचे पट्टे शिवायचे; दिवसभर एकच सरळ टीप. कुणाच्या मापाचा प्रश्न नाही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत फोनवर कुणीतरी विचारलं, ‘सहा वर्षांच्या मुलीसाठी मिळेल का?’ तिनं ‘मिळेल’ असं लिहिलं, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि पुसून टाकलं. भोंगा झाला तशी ती डबा झाकून आत गेली.