चालत्या पट्ट्यावरचा फोन

काका आत्यांना ओळखत होते, असं म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही. दोघांची टेबलं कित्येक वर्षं एकमेकांना चिकटून होती, एवढंच. आत्यांना गाण्याची आवड होती का, नवरा कशाने गेला, घरी गेल्यावर त्या काय करायच्या, यातलं काकांना काहीच ठाऊक नाही. विचारायचं राहून गेलं असंही नाही. काकांना विचारणं जमतच नाही. तेव्हा पुढचं सगळं शेजारच्या खुर्चीतून दिसलं तेवढंच आहे, आणि त्यातही काही चुकलं असेल.

ऑफिस फोनवरून तक्रारी घेणारं. कुणाचा फ्रिज गार होत नाही, कुणाचं कपडे धुवायचं मशीन घरभर नाचतं. लोक आधी शिव्या घालतात, मग पत्ता सांगतात. हॉलमध्ये मुलं-मुली कानाला हेडफोन लावून ओळीने बसलेली. काकांचं काम झालेले फोन पुन्हा ऐकून कोण कसं बोललं ते बघण्याचं. आत्यांकडे खुर्च्या, वायरी, दिवे, जिन्याचं दार. म्हणजे थोडक्यात कुणाला काही होऊ नये हे त्यांचं काम.

त्यांना सगळं ऑफिस आत्या म्हणायचं ते भाचीमुळे. भाऊ-वहिनी गेल्यावर त्यांची मुलगी आत्यांकडेच वाढली आणि आत्यांनीच तिला इथे चिकटवलं. पहिल्याच दिवशी ती भर हॉलमध्ये ओरडली, "आत्या, माझी पाण्याची बाटली तुझ्या पिशवीत राहिली," आणि तेव्हापासून साहेबांसकट सगळ्यांच्या त्या आत्या झाल्या.

साहेब तरुण होते, मनाने वाईट नव्हते. बसून बसून मुलांच्या पाठी जातात हे त्यांना खरोखर खुपायचं. एका शुक्रवारी त्यांनी व्यायामाचं सामान आणवलं. बसायला दोन मोठे रबरी गोळे, टेबलाखाली मारायचं पायडल आणि एक चालायचा पट्टा. पट्ट्यासमोर उंच टेबल, म्हणजे चालता चालता काम. सोमवारी मुख्य ऑफिसातून पाहुणे यायचे होते.

गोळ्यांचा निकाल त्याच दुपारी लागला. हिशेब बघणारे जाडजूड गृहस्थ ऐटीत बसले आणि गोळा एकीकडे, ते दुसरीकडे. आत्यांनी दोन्ही गोळे कोठीत टाकून कुलूप लावलं.

"आत्या, जप्ती आली काय?" साहेब हसत म्हणाले.

"हसा तुम्ही. पट्ट्याचं काय? मागे लोखंडी कपाट आहे. कुणी मागे फेकलं गेलं तर डोकं थेट कपाटावर. तोंड कपाटाकडे करा, मागे हॉल मोकळा राहील. आणि त्याच्यावर चालताना फोन घ्यायचे नाहीत."

"मग त्याचा उपयोग काय? नुसतं चालायला रस्ते आहेत की."

"आधी सगळ्यांना शिकवू द्या. आठवडाभर थांबा."

साहेबांनी आवाज खाली आणला, पण काकांची खुर्ची शेजारीच होती. "तुमचा करार या महिन्यात संपतोय. वरचे मला विचारतात, ह्या बाईंचं काम नक्की काय? प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायला माणूस ठेवलाय, असं सांगू का त्यांना?"

आत्यांनी कोठीची किल्ली पिशवीत टाकली. मग म्हणाल्या, "तोंड कपाटाकडे फिरवा. फोनचं... पाहुणे जाईपर्यंत चालू दे."

पट्ट्यावर उभी राहायला भाची आपणहून पुढे आली. तिची पाठ दुखायची आणि फोनवर तिच्याइतकं गोड कुणी बोलत नसे. आत्यांनी तिला पट्ट्याची दोरी दाखवली. तिचा चिमटा कपड्याला लावायचा. माणूस मागे गेला की दोरी ओढली जाते आणि पट्टा जागच्या जागी थांबतो.

"समोरचं लाल बटणही आहे. काही वाटलं की दाब."

"अगं, चालायचंच आहे ना? मी काय पाळण्यातून उतरले का आत्ता?"

इथे त्या ऑफिसची एक रीत सांगायला हवी. हेडफोनवर बारीक लाल दिवा असायचा. तो लागला म्हणजे फोन चालू, आणि मग त्या माणसाशी कुणी बोलायचं नाही. छत कोसळलं तरी खुणेने सांगा, असं साहेब म्हणायचे. वर्षानुवर्षं सगळ्यांनी ती रीत पाळली होती, आत्यांनी तर सगळ्यांत जास्त.

सोमवारी पाहुणे हॉलच्या कडेला उभे होते. भाची पट्ट्यावर चालत होती, दिवा लाल, पलीकडे कुणीतरी रागावलेला माणूस. फोन लांबला. तिला उकडायला लागलं असावं. बोलता बोलताच तिने जॅकेट काढलं आणि पट्ट्याच्या दांड्याला अडकवलं. दोरीचा चिमटा जॅकेटलाच राहिला.

आत्यांनी ते बघितलं. त्या उठल्या, चार पावलं पुढे गेल्या, हात हलवून खूण केली. पण भाचीचं तोंड कपाटाकडे होतं. तसं तोंड आत्यांनीच फिरवून घेतलं होतं. आत्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. आत्या दिवा विझायची वाट बघत उभ्या राहिल्या.

भाची पत्ता टाइप करायला वाकली आणि तिचं पाऊल चुकलं. लाल बटण तिच्या हाताशीच होतं. हात गेला तो कानाकडे. तोल जाताना तिने आधी समोरच्याचा फोन होल्डवर टाकला. मग ती मागे फेकली गेली. डोकं वाचलं, मागे मोकळी जागा होती म्हणून. उजवं मनगट मोडलं आणि गाल सोलून निघाला. पट्टा कुणीतरी प्लग ओढेपर्यंत फिरत राहिला.

दुपारी तो फोन रोजच्याप्रमाणे काकांकडे ऐकायला आला. "एक मिनिट हं," एवढंच, अगदी गोड आवाजात. पुढे नुसतं संगीत. काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि त्या दिवशी पुढचं काही ऐकलं नाही.

दोन दिवसांनी मुख्य ऑफिसच्या एक बाई चौकशीला आल्या. साहेबांनी आत्यांना आधीच बाजूला घेतलं. "मी खोटं बोलायला सांगत नाहीये. जॅकेट तिने स्वतः काढलं, एवढंच सांगा. कराराचं मी बघतो."

"आणि तिच्या हाताचं?"

"तिचा निष्काळजीपणा ठरला तर कंपनी उपचाराचा खर्च कसा देईल, आत्या? रजाही बिनपगारीच."

खोलीत काकांनाही बोलावलं होतं. आत्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि खाली बघून बोलल्या.

"जॅकेट तिने काढलं. मला ते दिसलं. दिवा लाल होता म्हणून मी थांबले. पट्ट्यावर फोन घेऊ नयेत हे मला कळत होतं, तरी मी हो म्हणाले. तिला नीट शिकवायला हवं होतं, ते काम माझं होतं. ती निष्काळजी नव्हती."

"तुमच्यावर कुणी दबाव आणला का?" बाईंनी विचारलं.

"सांगणारे पुष्कळ असतात. हो मी म्हणाले."

बाई काकांकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

शुक्रवारचं ते हळू आवाजातलं बोलणं काकांच्या ओठांपर्यंत आलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. काका म्हणाले, "आत्या सांगतात तसंच."

भाचीच्या उपचाराचं आणि पगारी रजेचं कंपनीने मान्य केलं. आत्यांचा करार वाढवला नाही. घरी काय झालं ते काकांना माहीत नाही. भाची प्लॅस्टरमधला हात घेऊनच ऑफिसला परतली, तेव्हा महिना संपायचा होता आणि आत्या अजून यायच्या. दोघी एकत्र यायच्या, पण बोलताना दिसायच्या नाहीत. एकदा भाची जिन्यात म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं सगळं अंगावर घ्यायला? आता दोघींनी माझ्या एका हातावर भागवायचं?" आत्या म्हणाल्या, "कठडा धर."

शेवटच्या दिवशी आत्यांनी ड्रॉवर रिकामा केला आणि पिशवी खांद्याला लावली. काही तरी बोलावं म्हणून काका उभे राहिले आणि परत बसले.

"काका, तुमच्या खुर्चीचं चाक ढिलं झालंय."

"हो का? सांगून ठेवतो."

"आजच सांगा. विसराल."