शेटजींचं टाकं

सेलूत मी घर घेतलं तेव्हा मी ग्रामसेवक होतो आणि आठ वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढून पार विटलो होतो. घर एका म्हाताऱ्या शेटजींचं. बायको वारलेली, मुलानं कापडाचं दुकान नागपूरला हलवलेलं. शेटजी मात्र नागपूरला गेले नाहीत, दोन गल्ल्या पलीकडे लेकीकडे राहायला गेले.

मागच्या परसात कमरेइतकं खोल, चुन्यात बांधलेलं एक टाकं होतं. पाणी हिरवं, वर कमळाची पानं आणि खाली लाल मासे. किल्ली देताना शेटजी म्हणाले, "घर आता तुमचं, साहेब. फक्त सकाळी माश्यायले कणीक टाकाले येऊ देजा मले." माझा सगळा जीव किल्लीत अडकलेला. म्हटलं, "या ना जी, त्यात इचारता काय!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून रोज सहाला मागच्या दाराची कडी वाजायला लागली. म्हातारा खोकत आत यायचा, टाक्याच्या काठावर बसायचा, कणकेच्या बारीक गोळ्या टाकायचा आणि माशांशी बोलायचा. बायकोला नहाणीतून बाहेर यायची चोरी झाली. वर मला शिकवणी सुरू. "पाणी हिरवंच राहू द्या. एकदम उपसू नका. अर्धं काढा, अर्धं ठेवा." अरे, घर कोणाचं? माझं ना? पण दूधवाला, पोस्टमन, शेजारीण, सगळ्यांच्या तोंडी एकच, "शेटजीच्या घरी राह्यता न तुम्ही?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पावसाळ्यात डास झाले. बायको तापानं फणफणली आणि मला निमित्तच मिळालं. गावोगावच्या विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकायला लावणं हे माझं कामच होतं. माणसं ते पाणी पितात, मग माशांना काय धाड भरते? एवढीच माझी अक्कल. रविवारी दुपारी बादलीत पावडर कालवली आणि सगळी टाक्यात ओतली. माप घेतलं होतं विहिरीचं. टाकं ते केवढंसं! खरं सांगायचं तर त्या वेळी मी मापाचा विचारच केला नाही. पाणी स्वच्छ होणार, ते मी करणार आणि म्हातारा बघणार, एवढंच डोक्यात होतं.

सकाळी उठून पाहतो तर सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. मी तिथं उभा असतानाच कडी वाजली.

तपकीर ओढून ओढून शेटजींचं नाक कधीचंच गेलं होतं. त्यांना पावडरीचा वास आला नाही. ते नुसते बघत राहिले. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण आणि तिचा नवरा डोकावले. चूक कबूल करायची तर त्या दोघांच्या देखत, नव्या घरात. मी उसळलोच. "किती कणीक टाकता जी तुम्ही! खाली सडली न ते. पाणी नासलं. मारून टाकले न सगळे!"

खोटं कशाला सांगू, हे बोलताना मला बरं वाटत होतं.

त्यांनी मुठीतल्या कणकेकडे पाहिलं. "माह्या हातानं मेले?"

"मंग कोनाच्या?"

त्यांनी घमेलं मागून घेतलं, धोतर खोचून पाण्यात उतरले आणि एकेक मासा उचलला. सीताफळाखाली त्यांनीच खड्डा केला. जाताना मला, त्यांच्या लेकाच्या वयाच्या माणसाला, हात जोडले. "माफ करजा, साहेब. तुमच्या नव्या घरात माह्यानं असं झालं." मी म्हटलं, "आता नका येत जाऊ," आणि कडी लावून घेतली.

बायकोनं बादली पाहिली होती. "सांगून टाका न त्यायले. काऊन त्या म्हाताऱ्याच्या जिवाले घोर लावता?" म्हणाली. मी म्हटलं, "चूप बस." तरी मनात होतं, दोन दिवसांनी सांगू. मग आठ दिवसांनी. मग लोक या घराला साहेबांचं घर म्हणायला लागले आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

पुढच्या वर्षी शेटजींच्या नातीच्या उष्टावणाचं बोलावणं आलं. आम्ही दोघं गेलो. मामा नागपूरहून आला नव्हता, म्हणून खिरीचा पहिला घास आजोबांनी भरवायचा असं ठरलं. त्यांना पाटावर बसवल्यावर शेटजींनी अंगठी खिरीत बुडवली, पोरीच्या तोंडाजवळ नेली आणि एकदम मागे घेतली. "नाई. माह्या हातानं नको."

लेक रडकुंडीला आली. म्हणाली, "वर्ष झालं, असंच करून राह्यले. गाईले पोळी देत नाहीत, चिमण्यायले दाणे टाकत नाहीत. म्हणतात, माह्या हाताले जहर आहे." मग ती माझ्याकडे वळली. "साहेब, तुमचं ऐकतीन ते. तुम्ही त सांगा!"

सगळं घर माझ्याकडे बघत होतं. शेटजीही. बायकोनं माझ्या बाहीला धरून हळूच ओढलं. एका वाक्याचं काम होतं.

"राहू द्या," मी म्हणालो, "त्यायच्या मनात नाही त कशाले जबरदस्ती?"

"मंग तुम्हीच भरवा, साहेब," शेटजी म्हणाले. त्यांनी पाट सोडला आणि अंगठी माझ्या हातात दिली. बायको उठून बाहेर निघून गेली. मी बसलो आणि खीर भरवली. पोरीनं मिटक्या मारत खाल्ली, बायकांनी कौतुक केलं. शेटजी हात पाठीमागे बांधून उभे होते. पोरीनं घास गिळला तसे ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "लई उपकार झाले तुमचे."