चमत्काराचा कागद

फादर म्हणाले, "तू बाजूला हो. फोटोत तू नको."

मी प्रज्ञाच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. हात काढला. आठ वर्षांची माह्यी पोरगी भिंतीपुढे एकटी राह्यली. सिस्टरनं तिले होस्टेलातल्या दुसऱ्याच पोरीचा पांढरा झगा घातला होता. मले म्हणे, तुझ्या अंगाला कांद्याचा वास येतो, जरा लांब थांब. फोटोले वास येते काय व बाई? तरी मी गपचीप सैपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राह्यली. आजही आठवलं की शिसारी येते. त्याइची तर येतेच, माह्यी मलेच जास्त येते.

दर्यापूरच्या अलीकडे मिशनचं होस्टेल होतं. तिथं मी साठ पोरीच्या पोळ्या लाटत होती, प्रज्ञाही तिथंच राहून शिकत होती. आमी ख्रिस्ती नाही, बौद्ध. प्रज्ञाले सिकलसेल, रक्ताचा जन्माचा आजार. हाडात असा ठणका उठे की पोरगी चादर चावे. एकदा पार पांढरीफटक पडली. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नेली. रक्त पाहिजे होतं. माह्यं चालत नव्हतं, मलेही अर्धा सिकल. आमचे शेजारी रशीदभाई बांगड्या विकत. ते भरला बाजार सोडून आले, रक्त दिलं अन् मुकाट्यानं निघून गेले.

त्याच दिवशी मिशनची सिस्टर भेटाले आली. तिच्याजवळ काचेची डबी, डबीत फडक्याचा तुकडा. मिशन काढणारी म्हातारी मदर लय वर्षं अगोदर वारली, तिच्या डोक्यावरचं ते फडकं. डबी पोरीच्या कपाळाले लावली, डोळे मिटून काहीबाही पुटपुटली. दुसऱ्या दिवशी प्रज्ञानं उठून चहा मांगतला.

झालं. चमत्कार.

फादरनं मले समजावून सांगतलं. मदरले संत करायचं तर चमत्कार लागते. त्याचा कागद रोमले जाते, संग पोरीचा फोटो. खरं का खोटं, ते शेवटी पोप ठरवते. मले वाटलं, एवढा मोठा माणूस, त्यानं हो म्हटलं तर माह्यी पोरगी कायमचीच बरी झाली असंन. इथंच मी चुकली. सिस्टर म्हणे, आता गोळ्या देशील तर तुझा विश्वास कच्चा. चमत्कारात औषधाची भेसळ नको. मी रोजची गोळी बंद केली.

सासूनं माह्यी खरडपट्टी काढली. म्हणे, "छप्पन साली तुह्या सासऱ्यानं देव्हारा नदीत सोडला. अन् तू आता पोपाले घरात आणते काय?"

मी सासूलेच अडाणी म्हटलं. लेकराच्या दुखण्यानं माणसाची अक्कल गहाण पडते.

त्या वर्षांत वऱ्हाडात बाहेरच्या गाड्याच गाड्या येत. कर्जापायी जीव दिलेल्या कास्तकाराच्या बायकोले दारात उभं करत, फोटो काढत, पाणी पिऊन निघून जात. आमालेही वाटे, फोटो काढला म्हंजे काही तरी होईन. चमत्काराची चौकशी कराले एक मोठे फादर गुरुवारी येणार होते. तवा मी त्याइचीही वाट पाहून राह्यली होती.

सोमवारी प्रज्ञाले ठणका उठला. यावेळी छातीत. श्वास घेतला की ओरडे. मी पिठाच्या हातानंच फादरकडे पळाली. म्हटलं, जीप द्या, अमरावतीले नेतो. फादर जेवत होते. उठले, हात धुतले, नॅपकिनले पुसले. मंग बोलले.

"गुरुवारपर्यंत कळ काढ. दवाखान्यात नाव लागलं तर सगळं फुकट जाईल."

मी म्हटलं, तोवर पोरगी जाईन.

"तुझं नाव पोपसाहेबांसमोर जाणार आहे. तुमच्या लोकांत आजवर कुणाचं गेलं? थोडी कदर कर."

तुमच्या लोकांत! तीन वर्षं माह्या हातच्या पोळ्या खाल्ल्या या माणसानं. नुसत्या नाही, मांगून मांगून खाल्ल्या. अन् माह्यं लेकरू तडफडून राह्यलं तर याले कागदाची पडली. थुंकावं वाटलं. थुंकली नाही, वेळ नव्हता. प्रज्ञाले पाठीवर घेतली अन् रोडवरच्या काळीपिवळी जीपमधी बसली. रस्ताभर ती माह्या मानेले चावत होती, मी चावू दिलं.

दवाखान्यात डॉक्टरबाईनं विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

सिस्टरचं नाव तोंडावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, मी.

पोरगी वाचली. गुरुवारी सासूले तिच्याजवळ बसवलं अन् मी मिशनात गेली. चष्मेवाले मोठे फादर टेबलाशी बसले होते. आमच्या फादरनं कागद वाचून दाखवला. त्यात होतं, कोणत्याही उपचाराशिवाय मुलगी बरी झाली. मले म्हणाले, सही कर, दहावीपर्यंत प्रज्ञाची सोय होस्टेलात पक्की. पेन हातात दिला. मी सातवी शिकलेली, सही येत होती. पेन खाली ठेवला.

म्हटलं, "रक्त रशीदभाईचं होतं, हे लिहा. गोळ्या तुमी सोडाले लावल्या, हे लिहा. आई असून मी त्या सोडल्या, हेही लिहा. पोरगी आत्ता अमरावतीले पडून आहे. मंग पाठवा पोपाले."

फादर म्हणाले, बाई घाबरली आहे. चष्मेवाल्यानं मले एक अक्षर विचारलं नाही. पेनाले टोपण लावलं अन् चहा आणाले सांगतलं. सवयीनं आमच्या फादरनं माह्याकडेच पाह्यलं. मी जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी काम गेलं. प्रज्ञाची होस्टेलातली जागाही गेली.

प्रज्ञा पुरती बरी झाली नाही, होणारही नाही. डॉक्टरबाईनं तोंडावर सांगतलं. पह्यल्यांदा कोणी तरी मले खरं सांगण्याच्या लायकीची समजलं. आता तिले ठणका उठला की मी कोणाले विचारत नाही. फादर असो, मौलवी असो, आमच्याच विहारातला भन्ते असो. वाटेत आडवा आला तर त्याले ढकलून मी पोरीले जीपमधी बसवणार.