पावडर न लावलेला चेहरा

सकाळी दादाचा भोपाळहून फोन आला आणि तो म्हणाला, "शैला, वहिनी गेली." खरं तर ती त्याची बायको. चाळीसहून जास्त वर्षांचा संसार... पण त्या क्षणी त्याच्या तोंडी माझाच शब्द आला. मी इंदूरला स्वयंपाकघरात उभी होते, आणि कसं सांगू, पहिल्यांदा डोक्यात आलं ते एवढंच, की आता मला "चेहरा वर कर" असं कोण म्हणणार? भेटल्याबरोबर लोक ख्यालीखुशाली विचारतात. आमची वहिनी हनुवटी धरायची. स्टेशनवर, लग्नाच्या मांडवात, कुठंही. चेहरा उजेडाकडे वळवायचा, डोळे बारीक करायचे आणि मग म्हणायचं, "ठीक आहे. आता बोल, कशी आहेस?" तिला जाऊन आता दीडेक महिना झाला. तिच्याबद्दल लिहायचं ठरवलं, तर माझ्याच थोबाडाबद्दल लिहावं लागणार, त्याला इलाज नाही.

आमचे वडील, अण्णा, गेल्यानंतर दादाला भोपाळला मोठ्या कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली, आणि आई आणि मी नागपूरचं बिऱ्हाड गुंडाळून त्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. टाउनशिप म्हणजे एक वेगळंच गाव होतं. सारखी घरं, सारखी कुंपणं, सारख्या पेरूच्या झाडांवरून सारखी भांडणं. कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा सुटायचा. आणि दवाखाना फुकट! त्यामुळे टाउनशिपच्या बायकांमध्ये औषधांची देवाणघेवाण विरजणासारखी चालायची. एकीच्या सासऱ्यांच्या खोकल्याचं औषध दुसरीच्या पोराला, तिसरीचं गुडघ्याचं मलम चौथीच्या कंबरेला. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे, उलट शेजारधर्म म्हणून कौतुकच व्हायचं.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझ्या तोंडावर मुरूम होते. चारचौघींना असतात तसेच, फार नाही. पण आईने युद्ध पुकारलं होतं. जायफळ उगाळून झालं, मसुराच्या डाळीचं पीठ झालं, मुलतानी माती झाली. उष्णता होते म्हणून शेंगदाणे बंद, आंबा बंद. समोरच्या तिवारीण चाची रोज कुंपणावरून ओरडून सांगायच्या, "अरे भाभीजी, मुँहासे तो शादी के बाद अपने आप ठीक हो जाते हैं!" आणि शादीचंच तर आईला पडलं होतं. माझं लग्न जमवायचं होतं, वडील नव्हते, आणि पोरगी तोंडावर पुटकुळ्या घेऊन हिंडत होती. तेवढ्यात शेजारच्या जोशीकाकूंनी एक ट्यूब दिली. जोशीकाकांच्या पायाला इसब होता, त्यासाठी दवाखान्यातून मिळालेली. "लावून तर बघा," काकू म्हणाल्या. "माझ्या भाचीचं तोंड आठवड्यात चकचकीत झालं."

माझंही झालं! खोटं कशाला बोलू, आरशासमोरून हलवेना मला. मुरूम बसले, गाल गुलाबी झाले. आईने तेवढ्यात टी. टी. नगरला नेऊन माझा फोटो काढून घेतला आणि तो चार ठिकाणी धाडला. एक ट्यूब संपली, काकूंनी दुसरी दिली. मग हळूहळू दोन दिवस लावली नाही की तोंडाची आग व्हायला लागली. उन्हात गेलं की गाल लालबुंद. आणि मग ते दाणे आले... कपाळभर, गालभर, हनुवटीभर. आई म्हणाली, जरा जास्त लाव. मी जास्त लावली.

नेमकी याच सुमारास वहिनी लग्न होऊन घरात आली. सुधा, अमरावतीची, एमबीबीएस होऊन वर चामडीच्या रोगांचा डिप्लोमा केलेली. डॉक्टर सून मिळाली म्हणून आईला आनंद झाला होता, पण त्या काळी अशा डॉक्टरच्या पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' असं लिहिलेलं असायचं, आणि तो दुसरा शब्द आईच्या घशाखाली उतरेना. शेजारीपाजारी ती बिनदिक्कत सांगायची, "लहान मुलांची डॉक्टर आहे आमची सून." मग टाउनशिपच्या बायका वहिनीकडे पोरांचे जुलाब घेऊन यायच्या आणि वहिनी बिचारी निमूटपणे साखर-मिठाचं पाणी सांगायची!

सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, हातातला हिरवा चुडा वाजवत, तिने मला मागच्या अंगणात ओढून नेलं आणि उन्हात उभं केलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "काय लावतेस गं तू तोंडाला?" मी म्हटलं, काही नाही. "काहून खोटं बोलतेस?" ती हसली. "हे बघ, खरे मुरूम कसे असतात? एकत्र कुटुंबासारखे. कोणी काळा ठिपका, कोणी पांढरा, कोणी लाल, कोणी पिकलेला, कोणी जाताना डाग ठेवून गेलेला. सगळ्या वयाचे. तुझ्या तोंडावरचे सगळे एका मापाचे, एका वर्गातल्या पोरांसारखे. हे आपोआप येत नाहीत, हे आणवलेले आहेत." मी ट्यूब आणून दाखवली. तिने नाव वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! हे पायाच्या जाड कातडीचं औषध आहे गं. यात स्टेरॉईड आहे. तोंडाला महिनोन् महिने?"

ट्यूब बंद करायची, एवढं तर सोपं होतं. पण वहिनीने हेही स्पष्ट सांगितलं की बंद केल्यावर आधी वाईट होईल, चांगलंच वाईट होईल, आणि मग बरं होईल. आणि अडचण अशी, की त्या फोटोवरून नागपूरचं एक स्थळ चालून आलं होतं आणि मंडळी दिवाळीनंतर बघायला येणार होती. आई म्हणाली, "मग तेवढा कार्यक्रम होऊन जाऊ दे. नंतर कर तुझी डॉक्टरी." वहिनी म्हणाली, "नाही आई. एकेक दिवस लावाल तर तिची कातडी कागदासारखी पातळ होईल. आणि लग्नानंतर काय, जन्मभर जोशीकाकांचा इसब टिकवून धरायचा का?" दादा फिसकन हसला आणि आईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला एकदम कारखान्यात काम आठवलं.

चेहरा उसळला. काय सांगू तुम्हाला... जळता निखारा ठेवल्यासारखी आग, सूज, पू. मी कॉलेजला जाणं सोडलं, मागच्या खोलीत बसून राहिले. वहिनी उकळून गार केलेल्या पाण्यात मऊ फडकं भिजवून घड्या ठेवायची, कॅप्सूल द्यायची, कपाळाला तेल लागू नये म्हणून केस स्वतः घट्ट बांधून द्यायची. ट्यूब मात्र तिने फेकली नव्हती, माझ्याच कपाटात ठेवली होती. एकदा मी चिडून विचारलं, तर म्हणाली, "फेकली असती तर तू काकूंकडून तिसरी आणली असतीस. ही तुझ्याजवळ आहे. लावायची की नाही, तूच ठरव." एका सकाळी मी तिच्या गळ्यात पडून रडले, "वहिनी, बरं झालंच नाही तर?" ती म्हणाली, "कधी बरं होईल ते मला सांगता येत नाही. होईल, एवढं येतं सांगता." मी ट्यूब लावली नाही. आता वाटतं, औषधाने नाही, मी त्या वाक्याने बरी झाले.

मंडळी आली. आईने पावडरचा डबा काढला, वहिनीने तो तिच्यासमोर परत फळीवर ठेवला. मी तसंच लाल, सालपटं निघालेलं तोंड घेऊन पोहे आणले. मुलाच्या आईने चमचा खाली ठेवला. "फोटोत तर वेगळंच दिसत होतं हो... काय झालंय चेहऱ्याला?" आई म्हणणार होती, परवाच ताप येऊन गेला. मला माहीत आहे, कारण तसं ठरलं होतं. पण आईने तोंड उघडायच्या आत वहिनी बोलली, "चुकीचं मलम लावलं गेलं होतं, ते मी बंद केलंय. फोटो मलमातला आहे. हा चेहरा खरा आहे आणि तो उन्हाळ्यापर्यंत बरा होणार आहे. मी याच विषयाची डॉक्टर आहे." पुढे ती म्हणाली, "त्वचा आणि गुप्तरोग." पोहे खाणाऱ्या तिघांनाही ठसका लागला.

नकार यायचा तो आलाच. आईने वहिनीशी बोलणं टाकलं. माझ्या पोरीचं तोंड आणि नशीब दोन्ही या बाईने जाळलं, असं ती जोशीकाकूंपाशी म्हणाली आणि ते भिंतीपलीकडून वहिनीने ऐकलं. नवी नवरी, माहेर लांब, घरात सासू बोलत नाही... तिला काय वाटलं असेल? मी इतकी माझ्या तोंडात गुंतले होते की मला तेव्हा ते सुचलंही नाही. पण तिने कधी पाय मागे घेतला नाही. थंडी सरली तसा चेहरा निवला, आणि आंबे बाजारात आले तेव्हा माझ्या गालांवर चारदोन जुन्या, खऱ्या, घरच्या पुटकुळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. वहिनीने मला पोट भरून आंबे खायला घातले आणि म्हणाली, "यांना मी ओळखते. यांचं बघून घेऊ." आईने माझ्याकडे पाहिलं आणि वहिनीच्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली. माफी वगैरे आमच्या घरात कोणी मागत नसे.

पुढे माझं लग्न झालं, इंदूरला आले. वहिनीने जवाहर चौकात दवाखाना टाकला, पाटीवर दोन्ही शब्द ठसठशीत. तिच्या बाकावर बसून मी कितीदा तरी तमाशा बघितलाय. मशीन शॉपचा कामगार मांड्यांवरचे फोड दाखवायला यायचा तर ती आधी पँट हुंगायची, "ऑइल में भीगी पैंट दिनभर पहनते हो ना? पहले वो बदलो, फिर दवा." कपाळभर दाणे घेऊन आलेल्या शाळकरी मुलीच्या आईला ती तेलाची बाटली लपवायला सांगे. जबड्यावर गाठी असलेल्या मुलीला आधी पाळीबद्दल विचारी. चार इमलीच्या साहेबी वस्तीतल्या बंगल्यातली एक बाई लाल गाल घेऊन आली तर म्हणाली, "एकही काळा ठिपका नाही, म्हणजे हे मुरूमच नाहीत." आणि खोल, दुखऱ्या गाठी असलेला कोणी पोरगा दिसला, की तिची थट्टा बंद. "हे खड्डे पाडतात. यांना वेळ द्यायचा नसतो." आणि लग्न झाल्यावर जातील असं कोणी म्हणालं की, "मेरे तो शादी के बाद आए!"

तेरावं झाल्यावर मी भोपाळला आईजवळ राहिले. आई आता नव्वदी ओलांडलेली, दिसतं कमी, ऐकू चोख येतं. एका दुपारी तिच्या गालावर लाल चट्टा दिसला, खाजवत होती. दादाच्या औषधांच्या डब्यात मला एक साधं मलम सापडलं. मी बोटावर घेतलं, तर तिने माझा हात बाजूला सारला. "सुधाला दाखवल्याशिवाय मी काही लावत नाही." मी म्हटलं, "आई, अगं..." ती म्हणाली, "माहीत आहे मला गेली ते. म्हातारी झालेय, खुळी नाही. पण इतकी वर्षं दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही मी. आता कसा देऊ?"

मी मलमाचं झाकण लावलं. आई रडली नाही, मला मात्र आवरेना, दोन्ही तळव्यांनी मी आपलं तोंड पुसत बसले. तिला ते दिसलं की ऐकू आलं, कोण जाणे. म्हणाली, "गाल चोळू नकोस गं असे. सुधा ओरडेल."