धुऱ्यावरची तूर

खुशबूला राग आला की ती बोलत नाही, चष्मा पुसत बसते. त्या दिवशी कोहमाऱ्याला बस बदलून ती गावी आली, कॅमेरा गळ्यात अडकवून पाण्याच्या टाकीवर चढली आणि वरून शेताकडे बघताच तिने जो चष्मा पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसतच राहिली.

गोंदियाच्या एका कॉलेजात ती तासिकेवर शिकवते आणि उरल्या वेळात पीएचडी करते. फोटोतला एक भाग दुसऱ्यापासून कॉम्प्युटरने वेगळा कसा काढायचा, हा तिचा विषय. तिला गावच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, वेगळ्या काढायच्या होत्या: ही एक बांधी, हा मधला धुरा म्हणजे बांध, ही पलीकडची बांधी. आजकाल लोक यासाठी मोठमोठी मशिनं लावतात, त्यांना लाखो फोटो चारतात. खुशबूच्या नशिबी कॉलेजचा जुनाट कॉम्प्युटर. म्हणून तिने या शास्त्रातल्या अगदी सुरुवातीच्या पद्धती धरल्या. फोटो काळापांढरा करायचा, उजळ ठिपके एकीकडे, गडद ठिपके दुसरीकडे, आणि जिथे उजळाचं गडद होतं तिथे रेघ मारायची. ऐकायला सोपं, करायला बसलं की डोकं खातं.

पावसाळ्यात तिने पहिला फोटो काढला. धान हिरवं, आणि आपल्याकडे धुऱ्यावर तूर लावतात, तीही हिरवी. काळ्यापांढऱ्यात सगळं सारखंच. कॉम्प्युटरने तिच्या बापाचं शेत आणि चुन्नीलालकाकाचं शेत बिनदिक्कत एक करून टाकलं. दोघे सख्खे भाऊ, पण धुऱ्याच्या भांडणावरून वर्षानुवर्षं बोलणं नाही. त्यांना एकत्र आणण्याचं श्रेय त्या डबड्याने घेतलं. गाईड सर वैतागले. म्हणाले, "कायको पुराने झमेले में पडी हो? दिवाळीपर्यंत धुरा नीट निघालेला एक तरी फोटो दाखवा, नाहीतर विषय बदला." विषय बदलायचा म्हणजे आजवरचं सगळं पाण्यात.

मग तिच्या ध्यानात आलं, की धान पिकून पिवळं होऊ द्यावं. पिवळं धान उजळ, आणि तूर तेव्हाही हिरवीच, म्हणजे गडद. आपोआप रेघ निघेल. तिने घरी फोन करून बजावलं, "मी आल्याशिवाय कापणी लावू नका. त्या मेल्या कॉम्प्युटरला धुराच दिसत नाही."

केवळरामने, म्हणजे तिच्या बापाने, कापणी थांबवली. पण धुरा दिसत नाही हे त्याच्या मनाला लागलं.

आता टाकीवरून दिसत होतं ते असं: धान मस्त पिवळं, आणि बापाच्या धुऱ्यांवर तुरीचं एक झाड नाही. सगळे धुरे तासून स्वच्छ, आणि त्यांवर कबड्डीच्या मैदानासारखी चुन्याची रेघ. खाली बाप हात हलवत उभा होता.

ती खाली उतरली. "बाबा, तूर कुठं गेली?"

"कापली ना. तूच त म्हणत होतीस, धुरा दिसून नाही राहिला म्हणून. आता दिसन त्याले."

"अहो, मला तूरच पाहिजे होती!"

"मंग पयले काऊन नाही सांगतलं?"

जगात कोण चुना मारून धान लावतं? खुशबू तणतणत पुन्हा वर चढली, रागारागाने फोटो काढले आणि ओसरीवर येऊन लॅपटॉप उघडला. चुन्याच्या रेघा ठळक निघाल्या. त्या निघणारच होत्या, पण दुसऱ्या कुणाच्या शेतात चुना नसतो, म्हणून त्यांचा उपयोग शून्य. पण कडेला एक गडद पट्टा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे तुटलेला नाही.

"हा कुठला धुरा?"

केवळरामचं तोंड पडलं. "चुन्नीलालचा. इचारायले गेलो त त्यानं नाही कापू देल्ली. म्हणे, तुयी पोरगी शिकते म्हणून माया घरची डाळ काऊन जाईल?"

तिने फोटो सरांना पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं: "ये किनारे वाली लाइन सही है. इसी पे काम करो. बाकी ये सफेद क्या है?"

विषय वाचला होता. खुशबूला हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. बाप शेजारीच बसून स्क्रीनकडे बघत होता.

"मंग माया रेघा कामाच्या नाहीत?"

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाहीत, बाबा."

आतून तिची आई, रुख्मा, वाफाळतं पातेलं घेऊन आली आणि तिने ते दोघांच्या मध्ये आदळलं. कापलेल्या तुरीच्या कोवळ्या शेंगा तिने मीठ घालून उकडल्या होत्या.

"घ्या," ती म्हणाली, "वर्षाची डाळ हाये. आजच खाऊन टाका."